डेन्व्हरच्या तारा

उच्चदाब वाहिनीजवळ राहणाऱ्या मुलांना रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) होतो, ही धास्ती आज कुठेही ऐकायला मिळते. पुण्या-मुंबईत फ्लॅट बघायला गेलेल्या जोडप्याला गॅलरीतून टॉवर दिसला की किमतीच्या आधी हा प्रश्न येतो. पण ज्या अभ्यासातून ही धास्ती जन्मली, त्यात असले टॉवर जवळजवळ नव्हतेच. तिथे होते गल्लीतले लाकडी खांब, त्यांवरचे ट्रान्सफॉर्मर आणि घराघरात वीज नेणाऱ्या साध्या तारा. खांबांवरून ही शंका टॉवरवर कशी गेली, वाढली कशी आणि पुढे विरत कशी गेली, हे सलग पाहिले तर आजाराच्या कारणाचा शोध प्रत्यक्षात कसा चालतो ते कळते. मला स्वतःला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो, कारण यात खोटेपणा करून कुणी जिंकलेले नाही आणि प्रश्न विचारणारी व्यक्तीही मूर्ख ठरलेली नाही.

ती व्यक्ती म्हणजे नॅन्सी वर्थायमर. शिक्षण मानसशास्त्रातले, वास्तव्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, बोल्डरला. १९७४ मध्ये त्यांनी ल्युकेमियाने दगावलेल्या मुलांचे पत्ते गोळा केले आणि गाडी घेऊन त्या डेन्व्हरमध्ये एकेका घरासमोर जाऊन उभ्या राहू लागल्या. या घरांमध्ये समान असे काय आहे, एवढेच त्यांना बघायचे होते. बघता बघता त्यांच्या लक्षात आले की बऱ्याच घरांच्या जवळ खांबावर ट्रान्सफॉर्मर आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्यांनी घेतलेली मुले १९५० ते १९७३ या काळात कर्करोगाने मरण पावलेली होती, एकूण ३४४. आजाराचा अभ्यास मृत्यूच्या दाखल्यांवरून करता आला, कारण त्या काळातल्या बहुतेक वर्षांत ल्युकेमिया झालेले मूल वाचतच नसे. निदान झालेली मुले आणि दगावलेली मुले या जवळपास एकच याद्या होत्या. श्रीमंत देशांत आज अशा दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. तिथे आता हाच अभ्यास याच पद्धतीने करायचा म्हटले तर पुरेसे दाखलेच मिळणार नाहीत. या विषयातली सर्वांत मोठी बातमी मला हीच वाटते, आणि ती तारांच्या वादात कुणाच्या तोंडी येत नाही.

वर्थायमरबाईंना जोडीला एड लीपर हे भौतिकशास्त्रज्ञ मिळाले. ट्रान्सफॉर्मरपासून घरात शिरू शकते ते काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. विद्युत क्षेत्र भिंतींनी, झाडांनी बरेचसे अडते. चुंबकीय क्षेत्र अडत नाही, आणि ते तारेतल्या दाबावर अवलंबून नसते, प्रवाहावर असते. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो तेव्हा तेवढीच वीज वाहून न्यायला प्रवाह वाढतो. म्हणून ट्रान्सफॉर्मरमधून निघालेल्या पहिल्या तारेत पुढच्या सगळ्या घरांचा प्रवाह एकवटलेला असतो. दोन-चार घरांना जोडण्या देऊन झाल्या की पुढच्या तारेत तो कमी होत जातो. डेन्व्हरमध्ये परतीचा काही प्रवाह जमिनीतल्या पाण्याच्या नळांमधूनही जाई, त्यामुळे जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहांची क्षेत्रे एकमेकांना पुरती खोडत नसत. या सगळ्या हिशोबातून दोघांनी एक युक्ती काढली. रस्त्यावर उभे राहून तारांची जाडी, त्यांची संख्या आणि घरापासूनचे अंतर बघायचे, आणि घराला ‘जास्त प्रवाहाचे’ किंवा ‘कमी प्रवाहाचे’ ठरवायचे. कुणाचे दार वाजवायला नको, घरात उपकरण ठेवायला नको.

निबंध १९७९ च्या मार्चमध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी’त आला. कर्करोगाने दगावलेली मुले ‘जास्त प्रवाहाच्या’ घरांत इतर मुलांच्या मानाने दोन ते तीनपट आढळत होती. त्याच महिन्यात थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉल वस्तीखाली रसायने पुरलेली होती, हे आदल्या वर्षी देशभर गाजले होते. न दिसणाऱ्या गोष्टी घरात शिरून मुलांना मारतात, हे ऐकायला लोकांचे कान तयार होते.

अभ्यासात उणिवा होत्या. घराची वर्गवारी करणाऱ्याला ते घर आजारी मुलाचे आहे की निरोगी मुलाचे, हे माहीत असे. मन नकळत एका बाजूला झुकते, म्हणून चांगल्या अभ्यासात ही माहिती झाकलेली असते. पण उणीव आहे म्हणून निष्कर्ष खोटाच असे होत नाही. अभ्यास पुन्हा, अधिक काटेकोरपणे करायला हवा होता, आणि तो झालाही. डेव्हिड सॅव्हिट्झ यांनी त्याच डेन्व्हर परिसरातली १९७६ ते १९८३ या काळातली ३५६ रुग्ण मुले घेतली. घरांत जाऊन क्षेत्र मोजले आणि तारांची वर्गवारीही केली. १९८८ मध्ये आलेल्या निष्कर्षात संबंध टिकला होता, पण घटून दीडपटीवर आला होता.

१९९१ मध्ये लॉस एंजेलिसमधून स्टेफनी लंडन यांचा अभ्यास आला आणि विषय चांगलाच कोड्यात पडला. तारांच्या वर्गवारीशी ल्युकेमियाचा संबंध दिसत होता, सर्वांत वरच्या गटात सुमारे दुप्पट. पण मुलाच्या खोलीत चोवीस तास उपकरण ठेवून मोजलेल्या क्षेत्राशी मात्र स्पष्ट संबंध दिसेना. आता हे विचित्र आहे. तारा बघायच्या होत्या त्या क्षेत्राचा अंदाज यावा म्हणून. प्रत्यक्ष मोजमाप हाती आल्यावर संबंध अधिक ठळक व्हायला हवा होता. तो पुसट होत असेल तर तारा क्षेत्राऐवजी दुसऱ्याच कशाची तरी खूण देत असाव्यात.

अनेकांनी त्या वेळी यातून सोयीची पळवाट काढली. एका दिवसाचे मोजमाप वर्षांपूर्वीच्या क्षेत्राबद्दल फारसे सांगत नाही, तारा मात्र वर्षानुवर्षे तशाच असतात, म्हणून तारा हेच खरे माप, असा युक्तिवाद झाला. तो अगदीच पोकळ नव्हता. पण दुसरी शक्यता तेवढीच जिवंत होती. जाड तारांचा गुंता जुन्या, दाट वस्तीच्या, भाड्याच्या घरांच्या आणि वर्दळीच्या रस्त्यांच्या भागात अधिक असतो. शिवाय सॅव्हिट्झ यांच्या अभ्यासात तुलनेसाठी घेतलेली निरोगी मुले अशी निवडलेली होती की, रुग्ण मुलाचे निदान झाले तेव्हापासून अभ्यासाच्या दिवसापर्यंत त्यांनी घर बदललेले नसावे. आजारी मुलांना ही अट नव्हती. म्हणजे एका पारड्यात स्थिरावलेली कुटुंबे आणि दुसऱ्यात सर्व प्रकारची. वारंवार बिऱ्हाड हलवणारी कुटुंबे जाड तारांच्या भागात जास्त राहत असतील, तर क्षेत्राचा काही दोष नसतानाही तक्त्यात दीडपट जोखीम उमटेल. कागदावर निरुपद्रवी वाटणारी एवढीशी अट अख्खा संबंध उभा करू शकते, हे पचवायला या क्षेत्रातल्या लोकांनाही काही वर्षे लागली.

तोवर ही शंका प्रयोगशाळेबाहेर पडली होती. पॉल ब्रॉडर यांची लेखमाला १९८९ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये आली, लगोलग पुस्तक आले. वीज कंपन्या आणि सरकार सत्य दडपताहेत, असा तिचा सूर होता. अमेरिकन काँग्रेसने १९९२ मध्ये संशोधनाचा खास कार्यक्रम मंजूर केला. १९९३ मध्ये सॅन दिएगोत एका आजारी मुलीच्या कुटुंबाने वीज कंपनीवर भरलेला खटला ज्युरीसमोर चालला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्या कुटुंबाचा राग मला समजतो. ज्याच्या मुलाला कर्करोग होतो, त्याला ‘का’ हवे असते. डॉक्टरांकडे बहुतेक वेळा त्याचे उत्तर नसते, आणि खिडकीबाहेर एक उंच, गुणगुणणारी वस्तू रोज दिसत असते. खांबावरच्या तारा नजरेला इतक्या सरावाच्या झालेल्या असतात की त्यांच्याकडे बोट दाखवणे अवघड. टॉवरकडे बोट सहज जाते.

टॉवरना खराखुरा आधारही मिळाला, स्वीडनमधून. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या मारिया फेश्टिंग आणि अँडर्स आल्बोम यांनी १९९२ मध्ये जाहीर केलेला अभ्यास मी या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा अभ्यास मानतो. देशातल्या २२० आणि ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांपासून ३०० मीटरच्या आत १९६० ते १९८५ या काळात राहिलेली सगळी माणसे त्यांनी घेतली. त्यात सव्वा लाखाहून जास्त मुले होती. स्वीडनमध्ये प्रत्येकाच्या पत्त्याची नोंद असते, कर्करोगाची नोंद असते, आणि कोणत्या वाहिनीतून कोणत्या वर्षी किती प्रवाह गेला याचीही नोंद होती. म्हणून निदानाच्या वेळी त्या घरात किती क्षेत्र असेल, हे गणिताने काढता आले. कुणाच्या संमतीची, कुणाच्या आठवणींची गरज पडली नाही. नकार देणारी कुटुंबे वगळली जाण्याचा धोका आपोआप गेला. निष्कर्ष असा की, ०.२ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) किंवा त्याहून जास्त क्षेत्रात राहिलेल्या मुलांत ल्युकेमियाची जोखीम २.७ पट, ०.३ च्या वर ३.८ पट.

आणि आता तो आकडा, जो बातम्यांत क्वचितच आला. ल्युकेमिया झालेली एकूण मुले ३९. त्यांपैकी ०.२ च्या वरच्या गटातली सात. सबंध देश, पंचवीस वर्षे, आणि सात मुले. त्यातल्या तिघांचे पत्ते चार रस्ते पलीकडे असते तर निष्कर्ष विरघळला असता. हा संशोधकांचा दोष नव्हे. प्रश्नच असा आहे की मोठ्या क्षेत्रात राहणारी मुले फार थोडी आणि त्यांच्यात हा आजार होणारी त्याहून थोडी. सामान्य घरात हे क्षेत्र साधारण ०.१ मायक्रोटेस्ला किंवा त्याहून कमी असते. वाहिनीपासून दूर जावे तसे ते अंतराच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की पावभर उरते. शे-दोनशे मीटरवर ते घरातल्या वायरिंगच्या क्षेत्रात मिसळून जाते.

भौतिकशास्त्रज्ञ या सगळ्याकडे पहिल्यापासून साशंक नजरेने बघत होते. येल विद्यापीठातले रॉबर्ट अडेर यांनी १९९१ मध्ये हिशोब मांडला की शरीराच्या नेहमीच्या उष्णतेने पेशीत जी खळबळ सतत चालू असते, तिच्यापुढे अशा क्षीण क्षेत्राचा परिणाम नगण्य आहे. क्ष-किरण डीएनए तोडू शकतात, कारण त्यांच्या प्रत्येक कणात रासायनिक बंध तोडण्याएवढी ऊर्जा असते. पन्नास हर्ट्झच्या विजेत ती त्याच्या हजार-कोटींव्या भागाएवढीसुद्धा नसते. अमेरिकन फिजिकल सोसायटीने १९९५ मध्ये याच धर्तीचे निवेदन काढले. हिशोब बरोबर होता. तरी ‘कसे होते ते कळत नाही, म्हणून होतच नाही’ ही पुढची उडी मला पटत नाही. पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, आणि डांबरातले नेमके कर्ककारक रसायन वेगळे काढायला १९३० चे दशक उजाडावे लागले. मधली दीडशे वर्षे यंत्रणा माहीत नव्हती. पॉट तरीही बरोबर होते.

म्हणून प्राण्यांवरच्या प्रयोगांना वजन होते. अमेरिकेच्या एका सरकारी कार्यक्रमाने उंदरांना दोन वर्षे १,००० मायक्रोटेस्लापर्यंतच्या क्षेत्रात ठेवले, म्हणजे स्वीडनमधल्या त्या घरांच्या काही हजारपट. ल्युकेमिया वाढला नाही. १९९७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मार्था लिनेट आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. ल्युकेमियाची ६३८ मुले, निरोगी ६२०. घरे मोजणाऱ्या तंत्रज्ञांना कोणते घर कुणाचे हे माहीत नव्हते. डेन्व्हरमध्ये सुरू झालेल्या तारांच्या वर्गवारीचा इथे ल्युकेमियाशी काहीच संबंध दिसला नाही. अठरा वर्षांनी पहिली युक्ती निकालात निघाली.

पण विषय संपला नाही, आणि इथेच मला आल्बोम यांचा प्रामाणिकपणा भावतो. २००० मध्ये त्यांच्या पुढाकाराने नऊ अभ्यासांतली मूळ आकडेवारी एकत्र केली गेली. ल्युकेमियाची ३,२४७ मुले, तुलनेसाठी दहा हजारांहून जास्त. ०.४ मायक्रोटेस्लाच्या खाली, म्हणजे शंभरातल्या नव्याण्णवाहून अधिक मुलांसाठी, जोखीम वाढलेली दिसली नाही. ०.४ च्या वर ती दुप्पट. त्या वरच्या गटात रुग्ण मुले ४४. आता हे सात नव्हते, आणि निव्वळ योगायोग म्हणून झटकून टाकणे कठीण होते. तरी दारावर येऊन मोजू द्या म्हटल्यावर कोण हो म्हणतो आणि कोण नाही म्हणतो, यातला फरक त्यातही लपलेला असू शकत होता, हे त्यांनीच लिहिले. २००१ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या क्षेत्रांना ‘कर्ककारक असण्याची शक्यता’ या २बी गटात टाकले. लोकांनी ते ‘कर्करोग होतो’ असे वाचले. २बी ही पुरावा किती भक्कम आहे याची पायरी आहे आणि ती खालच्या बाजूची आहे. धोका किती मोठा, हे ती सांगत नाही. तो आकार त्याच वर्षी ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मांडला. संबंध खरा धरला तरी त्या देशात वर्षाला ल्युकेमिया होणाऱ्या सुमारे ५०० मुलांपैकी दोन मुलांचा आजार या कारणाचा असेल. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ज्यांनी सिद्ध केला, तेच हे डॉल. मोठा धोका कसा दिसतो, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

माझ्या दृष्टीने यानंतरचे दोन अभ्यास निर्णायक आहेत. जेराल्ड ड्रेपर यांनी २००५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या, कर्करोग झालेल्या २९,०८१ मुलांचे जन्मपत्ते घेतले आणि उच्चदाब वाहिनीपासूनचे अंतर मोजले. २०० मीटरच्या आत ल्युकेमियाची जोखीम १.६९ पट. हे अपेक्षेच्या आसपास म्हणता येईल. पण २०० ते ६०० मीटरच्या पट्ट्यातही ती १.२३ पट निघाली, आणि तिथे वाहिनीचे चुंबकीय क्षेत्र पोचतच नाही. क्षेत्र नाही आणि जोखीम आहे, याचा अर्थ वाहिनीजवळच्या वस्तीत दुसरेच काहीतरी आहे. वाहिनीभोवती हवेत भारित कण तयार होतात, ते वाऱ्याने दूर जातात आणि प्रदूषण फुप्फुसात चिकटवतात, असाही एक तर्क ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांनी मांडला होता. तो पुढे वाऱ्याच्या दिशेसकट तपासला गेला आणि टिकला नाही.

मग २०१४ मध्ये ड्रेपर यांच्याच गटाने, कॅथरिन बंच यांच्या नावे, तोच अभ्यास १९६२ ते २००८ असा वाढवला आणि दशकवार मांडला. १९६० च्या दशकात २०० मीटरच्या आतली जोखीम ४.५ पट. त्यानंतर दर दशकाला ती उतरत गेली आणि २००० नंतरच्या वर्षांत ०.७१ वर आली, म्हणजे एकापेक्षाही खाली. पहिल्या दशकातली मुले इतकी थोडी की तो ४.५ चा आकडा फार सैल आहे, हे मान्य. पण उतरंड स्पष्ट आहे. मला जे म्हणायचे आहे ते या उतरंडीत आहे. चुंबकीय क्षेत्र दशकागणिक आपला स्वभाव बदलत नाही. ते १९६५ मध्ये मुलांच्या अस्थिमज्जेला इजा करत असेल, तर २००५ मध्येही केली पाहिजे. वाहिन्या त्याच, आणि विजेचा वापर या काळात वाढलेला, घटलेला नाही. जे कारण काळाबरोबर विरते ते तारेत असू शकत नाही. ते तारेजवळ राहायला आलेल्या माणसांत, त्यांच्या घरांत, त्यांच्या जगण्यात असले पाहिजे. २०२२ मध्ये नव्या अभ्यासांची आकडेवारी पुन्हा एकत्र केली गेली, जवळजवळ पंचवीस हजार रुग्ण मुलांची. ०.४ च्या वरच्या गटात या वेळी वाढ सापडली नाही.

१९६० च्या दशकात तारांजवळ काय होते याबद्दल मला एक अंदाज करावासा वाटतो. तो अंदाजच आहे. लिओ किनलेन यांनी १९८८ मध्ये दाखवले की स्कॉटलंडमध्ये डूनरे अणुकेंद्राजवळच्या थर्सो गावात आणि ग्लेनरोथेस या नव्याने वसवलेल्या शहरात, जिथे अणुकेंद्र नव्हते, दोन्हीकडे मुलांमधला ल्युकेमिया वाढला होता. दोन्हीकडे समान होती ती बाहेरून एकदम आलेली माणसे. ग्रामीण, विरळ वस्तीत शहरी माणसे मिसळली की कुठलासा संसर्ग पसरतो आणि क्वचित एखाद्या मुलात त्याचा शेवट ल्युकेमियात होतो, असे त्यांचे म्हणणे. लंडनच्या मेल ग्रीव्हज यांनी दुसऱ्या बाजूने तेच दार उघडले. १९९७ मध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या जन्मावेळी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या डागांत आजाराचा पहिला जनुकीय बदल सापडला. सुरुवात आईच्या पोटात झालेली असते. असा बदल घेऊन जन्मणारी मुले सुमारे शंभरात एक, आणि त्यांपैकीही शंभरात एखाद्याच मुलाला पुढे आजार होतो. दुसरा धक्का बहुधा संसर्गाला प्रतिकारशक्तीने दिलेल्या विपरीत प्रतिसादातून बसतो, आणि पहिल्या वर्षात ज्यांना किरकोळ संसर्ग झाले नाहीत, त्यांच्यात तो जास्त संभवतो. युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये शहरांच्या कडेला, जिथे जमीन स्वस्त आणि वाहिन्या नव्या होत्या, तिथेच नव्या वसाहती उठत होत्या. बाहेरून आलेली तरुण कुटुंबे, लहान मुले, आधीच्या ओळखी तुटलेल्या. नंतरच्या दशकांत या वसाहती जुन्या झाल्या, माणसे स्थिरावली. जोखमीची उतरंड या चित्रात बसते.

असे असेल तर खबरदारीचे काय? नेदरलँड्सच्या सरकारने २००५ मध्ये नगरपालिकांना सल्ला दिला की, ०.४ मायक्रोटेस्लाच्या वरच्या पट्ट्यात नव्या शाळा, पाळणाघरे, घरे शक्यतो उभी करू नयेत. नवे नियोजन करताना चार पावले बाजूला सरकायला फारसे काही लागत नाही, त्यामुळे मला तो सल्ला शहाणपणाचा वाटतो. उभी घरे पाडणे, वाहिन्या कोट्यवधी खर्चून जमिनीखाली घालणे, हे मात्र कर्करोगाच्या नावाखाली करू नये.

महाराष्ट्राला १९१५ पासून, खोपोलीची वीज मुंबईला आली तेव्हापासून, लांबच्या वाहिन्यांची सवय आहे. २२० किलोव्होल्टच्या वाहिनीखाली ३५ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवायचा असतो. हा नियम कर्करोगासाठी नाही, विजेच्या धक्क्यासाठी आहे, आणि तो मोडला की मुले खरोखर मरतात. तारेला हात पोचेल एवढ्या जवळ चढवलेली गच्ची, संक्रांतीला तारेत अडकलेला पतंग काढायला घेतलेला लोखंडी गज, पावसाळ्यात तुटून पडलेली तार. देशात दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसे विजेच्या धक्क्याने जातात. ज्या घराच्या गच्चीवरून तार हाताशी येते, त्या घरातल्या आईने ०.४ मायक्रोटेस्लाची काळजी करत बसावे, याचे मला वाईट वाटते.

आणि मूल आजारी पडलेच, तर त्याचे पुढे काय होईल हे वाहिनीपासूनच्या अंतरावर ठरत नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने चेन्नई आणि दिल्लीच्या केंद्रांबरोबर १९८० च्या दशकात एकच उपचारपद्धती राबवायला घेतली, तेव्हा चार वर्षे आजाराविना राहणाऱ्या मुलांचे प्रमाण चाळीस ते साठ टक्क्यांवर गेले. त्यापूर्वी ते याच्या निम्मेही नव्हते. त्यानंतर ते आणखी वाढले आहे. तरी बीड-नंदुरबारहून येणाऱ्या कुटुंबाला दोन-अडीच वर्षे मुंबईत टिकून राहायचे असते. राहायला जागा नाही, मजुरी बुडते, आणि उपचार अर्धवट सोडून माणसे गावी परततात. औषध हाताशी असताना या कारणाने जाणारी मुले टॉवरच्या भीतीत कुणाला आठवत नाहीत.

तारांबद्दलचा मूळ प्रश्न आता उलटा झाला आहे. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या त्या वाहिन्यांजवळ असे काय होते, जे नंतर राहिले नाही? घर कधी बांधले, कुटुंब कुठून आले, मुलाच्या आधी घरात किती भावंडे होती, त्याच वर्षी शेजारी किती नवी बिऱ्हाडे आली, यातल्या पुष्कळ गोष्टी जन्माच्या आणि जनगणनेच्या जुन्या नोंदींतून काढता येतील. वाहिनीपासूनची अंतरे तर मोजून तयारच आहेत. ज्यांनी ती मोजली त्यांनीच वस्तीचा बदललेला पोत हे कारण संभवनीय म्हणून सुचवले आहे. त्या दिशेने कुणी हे काम हाती घेतले, तर वर्थायमरबाईंच्या प्रश्नाचे उत्तर कदाचित संसर्ग अभ्यासणाऱ्यांकडून येईल.